वन्संनी डिस्क परत केली

आमच्या वन्संना दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपला. नाहीतर लोकांच्या तेवढंच लक्षात राहतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं आणि तेच अजून चालू आहे. मधे मधे फक्त चहा होतो.

एकतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिन्याखालची खोली, एक बोर्ड, एक स्टूल आणि चारशे एक्स्टेन्शन, सगळी तोंडपाठ. एकदा तिथल्या बड्या सर्जनसाहेबांनी वरून फर्मान सोडलं, बाहेरगावची लाइन चालू आहे ती तोडा आणि मला द्या. ती लाइन होती वॉर्डातल्या एका पोराच्या बापाची. घरी कळवायला बिचारा तासभर ताटकळला होता. वन्सं म्हणाल्या, "लाइन ज्यानं आधी मागितली त्याची. तुम्ही नंबर लावा." साहेब तणतणत खाली आले. वन्संनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि म्हणाल्या, "ओरडायचं तर उभ्यानंच ओरडा, स्टूल एकच आहे." त्या वर्षी त्यांची बढती गेली. त्याचं त्यांना काही नाही. बापाचं बोलणं पूर्ण झालं, हे मात्र आम्हाला आत्तापर्यंत पन्नासदा ऐकवून झालंय.

नोकरीत असतानाच त्यांनी दुसरं काम अंगावर घेतलं. ज्यांना दिसत नाही अशांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिची 'ऐकती लायब्ररी' होती. हौसेनं वाचणारी माणसं घरी बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि वन्संकडे पाठवायची. वन्सं प्रत्येक रेकॉर्डिंग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणार आणि चुका काढणार. पान बत्तीस, ओळ गाळली. पान चाळीस, जांभई. पान एक्क्याण्णव, इथे रडायचं नव्हतं. सगळं सुधारून आलं की मग 'पास'. एकोणीस वर्षांत अशी अकराशे चाळीस पुस्तकं पास झाली. संस्थेच्या साइटवर ती होतीच, पण मूळ साठा वन्संकडे, संस्थेनंच दिलेल्या एका डिस्कवर. साबणाच्या डबीएवढी डिस्क, लोकरीच्या मोज्यात घालून ठेवलेली. आमच्या घरात दागिने कपाटात असतात आणि तो मोजा वन्संच्या उशीखाली.

मीसुद्धा एक पुस्तक वाचलं होतं, बरं का. मधमाश्या कशा पाळाव्यात, यावरचं. लेक तेव्हा तीन वर्षांची होती, आता एकवीस वर्षांची आहे आणि नोकरीसाठी लांब राहते. वन्संनी माझं पुस्तक तीनदा नापास केलं. "शब्द गिळतेस. घाईघाईनं वाचतेस, जसं काही मागे कुत्रं लागलंय. आणि पान सत्तरवर पोरीवर ओरडलीयस." मी म्हटलं, "तुमची लायब्ररी तुम्हाला लखलाभ!" रेकॉर्डर त्यांच्या टेबलावर आपटला आणि त्यानंतर त्या भानगडीत पडले नाही. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, दुपारी दोनला घरी येते. मला काय कमी कामं आहेत?

तर गेल्या महिन्यात बारा तारखेला संस्थेचे नवे सचिव आमच्या घरी आले. जिन्यावर असतानाच वन्संनी ओळखलं, "कोणीतरी नवे बूट घालून येतंय आणि ते चावतायत." त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव आमच्या घरात 'बूट'.

बूट खुर्चीवर बसले आणि गोड बोलायला लागले. "बाई, आता मशीन वाचतं. कुठलंही पुस्तक घ्या, दोन मिनिटांत तयार. शुद्ध, स्पष्ट, एकसारखा आवाज. तुमच्या या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कुत्री भुंकतात, भांडी पडतात. दर्जा राहत नाही हो. एक तारखेला आपण जुनी साइट बंद करतोय. सगळं पुसायचं आणि नव्यानं सुरू करायचं."

"पुसायचं?" वन्संनी विचारलं.

"जागा लागते ना नव्याला."

"मशीनशी माझं वैर नाही," वन्सं म्हणाल्या. "माझा कॉम्प्युटर दिवसभर मशीनच्याच आवाजात बोलतो माझ्याशी. आकडे त्यानं सांगावेत, पत्ते त्यानं सांगावेत. पण गोष्ट? कुठं थांबायचं, कुठं हसू दाबायचं, ते कोण सांगणार, तुमचे बूट?"

मी स्वयंपाकघरात जीभ चावली. सचिवांनी एक कागद काढून वाचून दाखवला. तीस तारखेला सकाळी डिस्क संस्थेच्या ताब्यात द्यावी, आणि त्यानंतर आपल्याकडे एकही प्रत ठेवू नये. खाली सही.

मला वाटलं, आता कागदाच्या चिंध्या होणार. वन्संनी पेन मागितलं आणि सही ठोकली. बूट खूश होऊन गेले. मी कप उचलत म्हटलं, "कमाल आहे! एकोणीस वर्षांवर पाणी सोडलंत, आणि माझ्याशी मात्र दुधाच्या सायीवरून दोन दिवस भांडता."

"मी काय लिहून दिलंय? माझ्याकडे प्रत ठेवणार नाही," वन्सं म्हणाल्या. "दुसऱ्यांकडे असू नये, असं कुठं लिहिलंय?"

लायब्ररीचे नेमाने ऐकणारे बेचाळीस जण वन्संच्या फोनवरच्या एका गटात होते. कोणी पियानो दुरुस्त करणारा, कोणी मालिश करणारा, एक वकीलबाई, एक शाळेत इतिहास शिकवणारे सर. एकालाही दिसत नाही, सगळ्यांकडे बोलणारे कॉम्प्युटर. संस्थेच्या साइटवरून उतरवायला गेलं तर एकेक पुस्तक अर्धा दिवस खायचं आणि मधेच तुटायचं. अठरा दिवसांत अकराशे चाळीस कुठली उतरणार? म्हणून वन्संनी ठरवलं, टॉरेंट.

मी दचकलेच. आमच्या ऑफिसात टॉरेंट म्हणजे चोरून सिनेमे बघणारी पोरं. "वन्सं, पोलीस येतील!"

"आले तर चहा कर."

पण नुसता आगाऊपणा नव्हता तो. वकीलबाईंनी कायदा बघून सांगितलं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी वाचलेलं त्यांना द्यायला आडकाठी नाही. आणि आवाज ज्याचा, त्याला विचारायला हवं, म्हणून वन्संनी दोन दिवस बसून सगळ्या वाचणाऱ्यांना फोन लावले. एकसष्ट माणसं. पाच जण वारले होते, त्यांच्या मुलांना विचारलं. प्रत्येकाकडून फोनवर एक वाक्य रेकॉर्ड करून घेतलं, 'हा माझा आवाज आहे आणि मी तो दिलाय.' एका म्हाताऱ्या वाचकाला तर म्हणे रडूच आलं. वन्सं त्याला म्हणाल्या, "आधी वाक्य पूर्ण करा, मग रडा."

टॉरेंट म्हणजे काय ते मला त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं. मी सोलत होते, त्या खात होत्या. "हे बघ, माझ्या घरातून बाहेर जाणारी वाट अरुंद आहे. येणारी रुंद, जाणारी अरुंद, सगळ्या घरांत तसंच देतात मेले. मी बेचाळीस जणांना सगळं दिलं तर वर्ष जाईल. म्हणून प्रत्येकाला वेगळी मूठ द्यायची. या वाटीतली एक मूठ तुला, एक त्याला, एक तिला. मग तुम्ही तुमच्यात वाटून घ्या. माझी वाटी एकदाच रिकामी होते आणि पोट सगळ्यांचं भरतं."

"वाटी तर आत्ताच रिकामी झालीय," मी म्हटलं आणि उरलेले मटार त्यांच्यापासून लांब सरकवले.

त्यांचा हिशोब असा, की आमच्या घरातून सगळं एकदा बाहेर पडायला साडेनऊ दिवस लागतील. तेसुद्धा पूर्ण जोर लावायचा नाही, पाचातले चारच हिस्से. पहिल्या दिवशी पूर्ण जोर लावला, तर नवऱ्याच्या फोनवर साधा निरोप जाईना आणि वन्संचं स्वतःचं काम अडकलं. "बोर्डवर एक लाइन कायम मोकळी ठेवायची असते, हे मी विसरले," म्हणाल्या. मोकळी ठेवली तेव्हा सगळं नीट चालायला लागलं.

म्हणजे आमच्या बाजूनं. पलीकडे मात्र आनंदीआनंद. चौथ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर वन्सं टेबलाशी बसून होत्या, चेहरा हा एवढासा. बोलणारा कॉम्प्युटर एकेकाचा आकडा सांगत होता, दोन टक्के, दोन टक्के, दीड टक्का. "घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना," त्या म्हणाल्या. "सगळे माझ्याचकडून ओढतायत, एकमेकांना कोणी काही देतच नाही."

फोन लावले तेव्हा उलगडा झाला. मालिशवाल्याला कुठून तरी युक्ती कळली होती, की देणं शून्य करून ठेवलं की येणं जोरात होतं. त्या पठ्ठ्यानं ती सगळ्यांना बोलून पाठवली आणि सगळ्यांनी इमानेइतबारे केली. वन्संनी सगळ्यांना एकत्र फोनवर घेतलं आणि असा काही आवाज चढवला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"आयत्या बिळावर नागोबा झालात का रे सगळे? अरे, जो देतो त्यालाच टॉरेंट आधी देतं, तसंच बनवलंय ते! देणं बंद केलंस तर तुला कोण विचारतो? आणि बेचाळीस जणांनी बंद केलं, तर मग उरलं कोण द्यायला? मी एकटी! एका बोर्डवर अख्खं हॉस्पिटल!"

मालिशवाला चाचरत म्हणाला, "मावशी, मला वाटलं स्पीड..."

"स्पीड माझ्या घरातून येत नाही, तुमच्या बेचाळीस घरांतून येतो. चालू करा सगळे. आत्ता. मी फोन धरून आहे."

सगळ्यांनी चालू केलं. पाच-दहा मिनिटांत आकडे पळायला लागले. वन्संनी मला हाक मारून ऐकवलं. मी बाहेरून म्हटलं, "हो, हो, ऐकलं," पण खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं गार.

आता मात्र वन्संनी चिडणं सोडून दिलं. एकेकाला फोन केला की तो यादीत दिसायचा, जोरात द्यायचा-घ्यायचा, आणि थोड्या वेळानं नाहीसा. पुन्हा फोन केला की शपथेवर सांगायचा, मी बंद केलं नाही. पियानोवाला तर दुखावला. "बाई, मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही." शाळेतल्या सरांनी त्यांच्या लाइनला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर नाचणारे बेचाळीसच्या बेचाळीस कसे चुकतील?

वन्संनी त्यांची जुनी ब्रेलची पाटी काढली आणि टोचून टोचून वेळा लिहायला लागल्या. कोण कधी आलं, कोण कधी गेलं. दीड दिवस नुसतं तेच. तीस तारीख दहा दिवसांवर आलेली, साडेनऊ दिवसांचं काम जवळजवळ सगळंच बाकी, आणि ही बाई पाटी टोचतेय. मी बोलणारच होते, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"अगं, इकडे ये. वीस मिनिटं."

"काय वीस मिनिटं?"

"माझा फोन ठेवल्यावर जो तो वीस मिनिटांनी जातो. पियानोवाला वीस, वकीलबाई वीस, सर वीस. माणसं इतक्या शिस्तीची नसतात. हे माणसांचं काम नाही."

मी पटकन म्हणाले, "मग झोपत असेल."

"कोण?"

"कॉम्प्युटर. आमच्या ऑफिसात झोपतो की. थोडा वेळ हात लावला नाही तर पडदा काळा होतो. मग माऊस हलवायचा, की उठतो."

वन्सं अशा काही वळल्या माझ्याकडे! "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"विचारलंत का?"

कसं कळणार होतं त्यांना, सांगा ना. बेचाळीस घरांत पडदा कोणी चालूच ठेवत नाही. वन्संच्या कॉम्प्युटरला तर पडदाच नाही, तो लेकीनं कधीच पळवला. दिसणाऱ्याला पडदा काळा दिसला की समजतं. यांना कॉम्प्युटर गप्प आहे एवढंच समजतं, आणि काम नसलं की तो गप्पच असतो. फोन आला की ते काहीतरी बटण दाबायचे, तो जागा व्हायचा आणि वीस मिनिटांनी पुन्हा घोरायला लागायचा. वन्संचा तेवढा जागा राहायचा, कारण तासन्‌तास रेकॉर्डिंग ऐकताना तो मधेच बंद पडायचा म्हणून माझ्या नवऱ्यानं त्याची झोप पूर्वीच काढून टाकली होती.

त्यांनी पियानोवाल्याला फोन लावला. "हात लावू नकोस कशाला. कान लाव कॉम्प्युटरच्या पेटीला. पंखा ऐकू येतोय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "नाही बाई. थंडगार आहे."

"आता एक बटण दाब."

"अरेच्चा! सुरू झाला!"

वन्सं हसत सुटल्या. इतक्या, की काळा चष्मा काढून डोळे पुसले. त्या दुपारी बेचाळीस घरांत बेचाळीस माणसांनी कॉम्प्युटरला कान लावला. एकेकाची झोप उडवायला कुठल्या बटणानं कुठं जायचं, ते वन्संनी प्रत्येकाला फोनवर सांगितलं, आणि अर्ध्या लोकांना मी सांगितलं, कारण त्यांचा घसा बसला. हो, मी. वकीलबाई मला म्हणाल्या, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो." मी म्हटलं, "छे, कुठला!"

त्यानंतर आकड्यांनी जी धाव घेतली ती थांबलीच नाही. आमच्या घरातून जेवढं जायचं, तेवढं सगळंच्या सगळं प्रत्येकाला मिळायला लागलं, कारण बाकीचं ते एकमेकांकडून घेत होते. रोज सकाळी वन्संचा गटाला एकच निरोप, "पंखा ऐका." आणि बेचाळीस उत्तरं, "ऐकला."

तीस तारखेला सकाळी मी रजा टाकली. सचिव अकराला येणार होते, ते साडेदहालाच आले. जिन्यावर कुरकुर ऐकू आली आणि मी धावत मागच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर म्हणाला, नव्याण्णव पूर्णांक आठ टक्के.

"किती वेळ?" मी कुजबुजले.

"अर्धा तास. त्या शेवटच्या तुकड्यांवाचून तीन पुस्तकं अर्धवट राहतील."

"मी बघते," मी म्हटलं.

मी जन्मात इतका हळू चहा केला नाही. आधी पाणी जास्त झालं म्हणून ओतून दिलं. मग साखर सापडेना. मग त्यांना विचारलं, किती चमचे, दूध आधी की नंतर, आलं चालतं का. चालतं म्हणाले, तर ते किसायला बसले. सचिव घड्याळ बघायला लागले तेव्हा मी शाळेतल्या फीच्या पावत्यांची गोष्ट काढली. ती गोष्ट मलाही कंटाळवाणी वाटते. कप त्यांच्या हातात दिला तेव्हा आतून वन्संची हाक आली, "झालं गं तुझं?"

त्याचा अर्थ मला समजला. मी म्हटलं, "झालं."

वन्सं बाहेर आल्या, हातात मोजा. त्यातून डिस्क काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "ही घ्या. संस्थेची वस्तू संस्थेला."

"आणि प्रत?" सचिवांनी विचारलं.

"माझ्याकडे एकही नाही. कॉम्प्युटर तपासा हवा तर."

"छान, छान." ते उठायलाच लागले. गप्प बसल्या असत्या, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्या वन्सं आहेत.

"बेचाळीस घरांत आहेत," त्या म्हणाल्या.

बूट कुरकुरायचे थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे सगळी लायब्ररी. अख्खी. तुम्ही एक तारखेला खुशाल पुसा."

मग जे व्हायचं ते झालं. विश्वासघात, संस्थेची मालमत्ता, कारवाई करीन, सगळं बोलून झालं. वन्सं सर्जनसाहेबांपुढे बसल्या असतील तशाच बसून होत्या. सचिवांचा श्वास संपला तेव्हा म्हणाल्या, "करा कारवाई. बेचाळीस दारं आहेत, एकेक ठोठावा. आणि आवाज तुमचा नाही, संस्थेचा नाही. ज्यांचा आहे त्यांनी दिलाय." त्यांनी फोनवर ती वाक्यं लावली. एकामागून एक माणसं बोलायला लागली. हा माझा आवाज आहे आणि मी तो दिलाय. हा माझ्या आईचा आवाज आहे आणि मी तो दिलाय. सचिव उभ्याउभ्या ऐकत राहिले. चहा निवला.

"सगळ्यांनी दिलाय?" शेवटी त्यांनी खोचून विचारलं. "एकूण एक? एक जरी राहिला असेल ना, तर मी..."

वन्संना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुना आजार आहे. "एक राहिलीय," त्या म्हणाल्या.

सचिवांनी डिस्क खिशात टाकली आणि वही काढली. "कोण?"

"पुस्तकं अकराशे एक्केचाळीस आहेत. एक मी कधी पास केलं नाही, संस्थेला पाठवलंही नाही. पण पुसलंही नाही." वन्संनी मान माझ्या दिशेनं वळवली. "हिचं आहे. मधमाश्यांचं. हिला विचारायचं राहिलं."

अठरा वर्षं! अठरा वर्षं ती बाई माझं नापास पुस्तक उशीखाली घेऊन झोपत होती, आणि मी इकडे त्यांना सायीवरून बोलत होते. मला खूप काही बोलायचं होतं. बरंचसं वाईटच होतं. पण समोर तो माणूस वही उघडून उभा होता आणि मला इतका संताप आला, इतका संताप आला की काय सांगू.

"लिहा," मी म्हटलं. "मी यांची भावजय. शाळेत क्लार्क. तो माझा आवाज आहे आणि मी तो दिलाय. कुत्री भुंकली असतील तर कुत्र्यांचापण दिलाय. काय करायचं ते करा!"

त्यांनी काही लिहिलं नाही. वही मिटली आणि गेले. जिन्यावरची कुरकुर खालपर्यंत ऐकू येत होती.

मी कप विसळायला घेतले. मागून वन्संच्या खोलीतून खाडखूड ऐकू आली, म्हणून डोकावले, तर त्या कॉम्प्युटरशी.

"आता काय?"

"उतरवून घेतेय."

"वन्सं! सही केलीय तुम्ही!"

"प्रत ठेवणार नाही, असं लिहून दिलं होतं. ठेवली का? नाही ठेवली. ही मागवलीय." आणि त्यांनी एन्टर दाबलं.

बेचाळीस घरं एकदम द्यायला लागली. जे बाहेर घालवायला आम्हाला दहा दिवस लागले, ते संध्याकाळपर्यंत सगळं घरात परत येईल, असं बोलणारा कॉम्प्युटर सांगत होता. पहिलं पुस्तक तर माझे दोन कप विसळून होईपर्यंत आलं. वन्संनी मुद्दामच ते आधी मागितलं होतं. पान सत्तर लावलं.

माझाच आवाज, पण केवढा तरुण. शब्द गिळत होते, घाईघाईनं, मागे कुत्रं लागल्यासारखी. राणीमाशी पेटीत कशी ओळखावी ते सांगतेय, आणि मधेच तीन वर्षांची लेक, "आई, शू." मी वाचतेय. "आई, शू आली." आणि मग मी कडाडले, "थांब गं, एवढं पान संपू दे!" मग पावलांचा आवाज, दार, नळ, आणि लांबून लेकीचं खिदळणं. पुन्हा खुर्ची सरकवून मी बसले आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचायला लागले.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. थोड्या वेळानं वन्संनी ते थांबवलं आणि रेकॉर्डर माझ्याकडे सरकवला, तोच, अठरा वर्षांपूर्वी मी आपटलेला.

"पास नाही केलेलं अजून," म्हणाल्या. "शब्द गिळतेस. बस, पहिल्या पानापासून."

मी हात पुसले आणि बसले.